आयत्या वेळची सुट्टी : आयर्लंडच्या खेड्यांत एक आठवडा

नोकरीनिमित्त दूरदेशीं स्थायिक झालेल्या कुटुंबांत एक प्रसंग वारंवार येतो. पुण्याहून किंवा नागपुराहून आजी-आजोबा तीन महिन्यांकरितां मुलाकडे आलेले असतात. त्यांतले दोन महिने मुलाच्या कामाच्या धबडग्यांत केव्हांच निघून गेलेले असतात. मग एके संध्याकाळीं मुलगा घरीं येऊन सांगतो कीं, सोमवारपासून आठवड्याची रजा मंजूर झाली, कोठें तरी जाऊं या. घरांत एकदम आनंदीआनंद होतो. नातवंडें नकाशा उघडून बसतात, आजोबा औषधांची पिशवी चांचपून पाहतात, आणि घरची सून मात्र मनांतल्या मनांत डाळ-तांदळाच्या डब्यांची मोजदाद करूं लागते.

आयर्लंडांत अशीं कुटुंबें आतां थोडीं राहिलेलीं नाहींत. तेथील २०२२ च्या जनगणनेंत भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांच्या घरांत भरली, आणि त्यांत मराठी घरेंही आहेत. त्यांच्यासाठीं, तसेंच त्यांच्याकडे जाण्याची तयारी करीत असलेल्या इकडील वडीलधाऱ्यांसाठीं, या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

आयत्या वेळीं केलेल्या बेताचा खरा शत्रू घाई नव्हे, हांव होय. दिवस थोडे म्हणून सर्वच पाहून घेऊं, असें मन म्हणूं लागतें. नकाशाही फसवितो. आयर्लंडचें सबंध बेट सुमारें ८४ हजार चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून थोडेसें मोठें. तेव्हां मोहरचे कडे, केरीचा सागरकिनारा आणि उत्तरेकडील प्रसिद्ध दगडी खांब हें सर्व पांच दिवसांत सहज उरकेल असें वाटतें. परंतु खेड्यांतले रस्ते अरुंद, दोहों बाजूंस कुंपणाची दाट झाडी किंवा दगडी गडगे, आणि वळणावर मेंढ्यांचा कळप रस्ता अडवून उभा. फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण भागांतील स्थानिक रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरांवरून ६० वर आणलेली आहे. रोज नवें गांव, रोज नवें अंथरूण आणि रोज चार तास मोटारींत, असा बेत तरुणांना शोभतो. सत्तरी ओलांडलेल्यांना तो मानवत नाहीं.

म्हणून बेताचा आरंभ प्रेक्षणीय स्थळांपासून न करितां घरांतल्या माणसांपासून करावा. सर्वांत आधीं थकणारें माणूस कोणतें, एका दमांत किती वेळ बसूं शकणारें माणूस कोणतें, आणि वर्षभरांत ज्याला एक दिवसही उसंत मिळाली नाहीं असें माणूस कोणतें, हे तीन प्रश्न कुटुंबानें एकत्र बसून सोडवावेत. यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे गांव कोणतें, घर कसें आणि वाहन कोणतें, हें आपोआप ठरत जातें.

तत्पूर्वीं कागदपत्रांचा विचार. आयर्लंड हा देश युरोपांतील शेंगेन करारांत सामील नाहीं. त्याचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो व त्यास कित्येक आठवडे लागूं शकतात. यासाठीं ‘आयत्या वेळीं’ हा शब्द तेथें पोंचलेल्यांनाच लागू. हिंदुस्थानांतून निघणाऱ्यांनीं त्याच्या भरंवशावर राहूं नये. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बेटाचा उत्तर भाग ब्रिटनच्या राज्यांत मोडतो. डोनेगालहून डेरीकडे जातां रस्त्यावर नाकें नाहीं कीं शिपाई नाहीं. किलोमीटरांच्या पाट्यांच्या जागीं मैलांच्या पाट्या दिसूं लागल्या म्हणजे राज्य बदललें असें समजावें. तथापि नाकें नसलें तरी कायदा आहेच. भारतीय पारपत्रावर तेथें जावयाचें तर ब्रिटनचा व्हिसा लागतो, मग जवळ आयर्लंडचा रहिवासाचा परवाना असला तरीही. ज्यांच्या व्हिसावर दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेची नोंद आहे, ते पाहुणे मात्र याला अपवाद. वडीलधाऱ्यांना घेऊन या बाबतींत धाडस करूं नये.

आतां गांव. एकाच ठिकाणीं सहा-सात रात्री मुक्काम करावयाचा आहे असें धरलें, तर पश्चिमेकडील मेयो परगण्यांतलें वेस्टपोर्ट आम्हांस विशेष सोयीचें वाटतें. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनावरून तेथवर थेट आगगाडी जाते व सुमारें सव्वातीन तासांत पोंचविते. म्हणजे आजी-आजोबांचा मोठा प्रवास पाय मोकळे करीत व चहा घेत होतो. गांवांत दुकानें, औषधालय व दवाखाना आहे. आणि दहा मिनिटें बाहेर पडलें कीं शेतें, कुरणें व समुद्र. मुलानें मोटार डब्लिनहून आणावी, किंवा दोन मोठीं माणसें व सामान मोटारींत आणि इतर मंडळी आगगाडींत, अशी वांटणी करावी. रस्त्याची बाजू आपल्याकडल्यासारखीच डावी असते. मात्र भाड्याची मोटार घेणाऱ्यांनीं आपोआप गिअर बदलणारी गाडी हवी असल्यास तसें प्रथमच सांगावें, कारण आयत्या वेळीं ती दुर्मिळ होते. सात आसनांच्या गाडींत सात माणसें बसल्यावर सामानास जागा उरत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. दीडशें सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या लहान मुलांना वेगळें आसन लागतें. तो कायदा आहे.

घर मिळविण्याची युक्ति अशी. जुलै-ऑगस्टांत खेड्यांतलीं भाड्याचीं घरें बहुधा शनिवार ते शनिवार या हिशेबानें दिलीं जातात. ज्यास उशीर झाला आहे त्यानें दोन बिऱ्हाडांमधल्या रिकाम्या तीन-चार रात्री शोधाव्या, किंवा कोणीं ऐन वेळीं रद्द केलेला आठवडा विचारावा. घरमालकाशीं प्रत्यक्ष बोललेलें नेहमींच बरें. खालच्या मजल्यावर निजण्याची खोली आहे काय? न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे काय? टबांत पाय उंच टाकून उतरावें लागतें कीं सपाट जागा आहे? दुकान किती दूर? या चार प्रश्नांचीं उत्तरें छायाचित्रांवरून कळत नाहींत, आणि आजीच्या गुडघ्यांना तींच सर्वांत महत्त्वाचीं. पत्ता घेतांना घराचा ‘एअरकोड’ अवश्य मागावा. आयर्लंडच्या खेड्यांत घरांना बहुधा क्रमांक नसतात. एकाच वाडीचें नांव दहा घरांना असतें. इ. स. २०१५ पासून प्रत्येक घरास सात अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण मिळाली आहे. ती मोबाइलवरील नकाशांत घातली कीं थेट अंगणांत पोंचतां येतें.

पावसाविषयीं दोन शब्द. पूर्व किनाऱ्यावर वर्षांतून सुमारें १५० दिवस पाऊस पडतो, तर पश्चिमेस कांहीं ठिकाणीं २२५ दिवस. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसास तेथील पाऊस म्हणजे पाऊसच वाटणार नाहीं. पण तो कोठल्याही महिन्यांत येतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री उलटते, म्हणून टोपीचा पावसाळी कोट घ्यावा. पाऊस थांबण्याची वाट पाहत घरांत बसूं नये; अर्ध्या तासांत ऊन पडतें. जूनमध्यें तेथें रात्रीं दहानंतर सूर्य मावळतो, त्यामुळें दुपारची झोंप घेऊनही फिरावयास भरपूर वेळ उरतो. उलट नाताळाच्या सुट्टींत साडेचारच्या आंतच अंधार पडतो. तेव्हां बेत सकाळचेच करावे.

आतां स्वयंपाकघर. भाड्याच्या घरांत चूल मिळते, म्हणून शाकाहारी कुटुंबें तेंच पसंत करितात, आणि तें योग्यच आहे. बाहेर खातांना फार जपावें लागतें. न्याहारीच्या ताटांत येणारें ‘ब्लॅक पुडिंग’ हें नांवावरून गोड वाटलें तरी रक्ताचें केलेलें असतें. भाजीच्या सूपांत पुष्कळदां कोंबडीचें पाणी असतें. कांहीं दुकानांत बटाट्याचे तुकडे गोमांसाच्या चरबींत तळतात. विचारलें असतां तेथील लोक मोकळेपणानें सांगतात. विचारण्यास संकोच करूं नये. पीठ, ताक, सोडा व मीठ यांचा साधा सोडा-ब्रेड, लोणी, दूध, बटाटे, कोबी व गाजरें खेड्यांत उत्तम मिळतात. डाळी, पोहे, गोडा मसाला व मेतकूट डब्लिनहूनच न्यावें, आणि कुकरही न्यावा. फोडणी देण्यापूर्वीं खिडकी उघडावी, नाहीं तर छतावरची धुराची घंटा सारें घर डोक्यावर घेते.

परंतु चूल मिळाली एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. जी स्त्री वर्षभर नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ घराचें करीत आली, तीच त्या डोंगराकडे पाठ करून पोळ्या लाटीत उभी राहिली, तर कुटुंबाची सुट्टी झाली, तिची झाली नाहीं. केवळ जागा बदलली, काम तेंच राहिलें. पुष्कळ घरांत ही गोष्ट कोणी मुद्दाम करीत नाहीं. ती ठरविली नाहीं म्हणून होते. यास्तव निघण्यापूर्वींच एका कागदावर वांटणी लिहून काढावी. सकाळची न्याहारी मुलाकडे. दुपारीं बरोबर नेलेले ब्रेड, चटणी व फळें. रात्रीं खिचडी, पिठलें-भात यांसारखा एका भांड्याचा स्वयंपाक, आळीपाळीनें. जो रांधील त्यानें भांडीं घांसूं नयेत. आठवड्यांत पोळ्या नाहींत, हें आजोबांनीं स्वतः जाहीर करावें. घरांतल्या वडिलांच्या तोंडून हें वाक्य निघालें म्हणजे सुनेच्या मनावरचा भार जितका उतरतो, तितका दुसऱ्या कशानेंही उतरत नाहीं.

फिरण्याचे बेत तीनच पुरेत. पहिला सोपा. वेस्टपोर्टहून ॲकिल बेटाकडे जाणारा लोहमार्ग १९३७ सालीं बंद पडला; त्याच जागीं आतां सुमारें ४२ किलोमीटरांची पायवाट व सायकलवाट केली आहे. आगगाडीचा मार्ग म्हणून चढ बेताचा. मुलांनीं सायकली घ्याव्या, वडिलांनीं एखादा मैल चालून परतावें.

दुसरा बेत मनावर ठसा उमटविणारा आहे. लुइसबर्ग गांवावरून डू-लॉख सरोवराच्या खिंडींतून रस्ता लीनेनकडे जातो. इ. स. १८४५ पासून बटाट्याचें पीक कुजून आयर्लंडांत जो महादुष्काळ पडला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. १८४९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, मदत मिळावी म्हणून अधिकाऱ्यांपुढें हजर होण्यासाठीं उपाशी माणसांचा एक जथा याच खिंडींतून थंडी-वाऱ्यांत पायीं चालला होता. त्यांतलीं कित्येक वाटेंतच पडलीं. तेथें एक साधा दगडी क्रूस उभा आहे, आणि त्यावर महात्मा गांधींचें एक वचन कोरलेलें आहे. इतक्या दूर, निर्जन डोंगरांत हें नांव वाचतांना वडीलधाऱ्यांचें मन भरून येतें. आपल्याकडच्या दुष्काळांच्या ऐकलेल्या कथा नातवंडांना सांगण्यास याहून योग्य जागा मिळणार नाहीं. पुढें कॉनेमारांत लेटरफ्रॅकजवळ कायलमोरचा मठ आहे. मूळचा हा वाडा मिचेल हेन्री यानें बांधिला व १९२० पासून तेथें बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात. तेथें चहा घेऊन परतावें.

तिसरा बेत परतीच्या दिवसाचा. मोटारीची वाट थोडी वांकडी केली तर रॉसकॉमन परगण्यांतलें बॉइल गांव लागतें. १८७८ सालीं तेथें जन्मलेल्या मार्गारेट कझिन्स या बाई पुढें हिंदुस्थानांत आल्या, आणि त्यांच्या खटपटीनें अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन १९२७ सालीं पुण्यास भरलें. आजी पुण्याच्या असतील तर त्यांना हें गांव परकें वाटणार नाहीं.

उरलेले दिवस रिकामे ठेवावे. हें सांगणें सोपें, पाळणें कठीण, तरीही ठेवावे. शेतांची फाटकें उघडलीं तर पुन्हां लावावीं. शेतें खाजगी असतात, परवानगीवांचून आंत शिरूं नये. समोरून येणारा शेतकरी मोटारीच्या चाकावरून एक बोट उचलील. तो तेथला नमस्कार आहे, त्यास उत्तर द्यावें. आजोबांची औषधें परतीच्या दिवसानंतरही चार दिवस पुरतील इतकीं घ्यावीं, व संकटसमयीं ११२ हा क्रमांक सर्वांस ठाऊक असावा.

आजी-आजोबांचा तो तीन महिन्यांचा मुक्काम पुन्हां केव्हां घडेल, याची शाश्वति कोणींच देऊं शकत नाहीं. नातवंडांना पुढें आठवतील ते कडे व वाडे नव्हेत. ओसरीवर उशिरापर्यंत टिकलेल्या उजेडांत आजोबांनीं सांगितलेली गोष्ट आणि आईही तेथेंच निवांत बसलेली होती, हें आठवेल. रजा आयत्या वेळीं मिळाली तरी एवढें साधतां येतें. त्यासाठीं यादींतलीं स्थळें कमी करावीं लागतात, आणि घरांतलें कोणतेंही माणूस यादींतून वगळूं नये लागतें.