धानाच्या शाखा

पेढीची नवी शाखा केव्हा काढावी आणि केव्हा हात आखडता घ्यावा, हा व्यापारी घरांतला जुना प्रश्न आहे. भंडारा जिल्ह्यातील बांध्यांत उभे असलेले धान हाच प्रश्न दर पावसाळ्यात सोडवीत असते.

धानाच्या खोडावर प्रत्येक पानाच्या बगलेत एक मुकुल निजलेले असते. जमिनीलगतची पेरे अगदी जवळजवळ असतात. तेथील मुकुले जागी झाली की फुटवे निघतात. रोपाला चार-पाच पाने आली की पहिला फुटवा दिसतो, पुढे फुटव्यालाही फुटवे येतात. वरच्या पेरांतील मुकुले मात्र बहुधा निजलेलीच राहतात.

नवा फुटवा आरंभी मुख्य खोडाच्या शिदोरीवर जगतो. सुमारे तीन पाने आणि स्वतःची मुळे आली म्हणजे तो स्वावलंबी होतो. लोंबीचा गर्भ धरण्याच्या वेळेपर्यंत ज्याला हे साधत नाही, तो बहुधा वाळून जातो.

जागे व्हावे की नाही, हे मुकुल एकटे ठरवीत नाही. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्सिन त्याला थोपवते, सायटोकायनिन त्याला चेतवते. २००८ साली तिसऱ्या दूताची ओळख पटली : स्ट्रायगोलॅक्टोन. जमिनीत स्फुरद कमी पडले की मुळे हे द्रव्य अधिक निर्माण करतात आणि फुटवे आवरण्याचा निरोप खोडाला पोहोचतो. भांडवल पाहून विस्तार करावा, हा नियम रोपाच्या अंगातच आहे.

रोवणी या नियमाला साह्य करते किंवा अडथळा आणते. पऱ्हे खोल रोवले, अथवा बांधीत पाणी फार चढले, तर खालची मुकुले दडपतात व फुटवे उशिरा निघतात. म्हणून कोवळे पऱ्हे दोन-तीन सेंटीमीटर खोलीवर, उथळ पाण्यात लावणे हिताचे.

याचा हिशेब अखेर तुमसरच्या बाजारात आणि राईस मिलमध्ये होतो. लवकरचे फुटवे मुख्य खोडाबरोबर पिकतात. उशिराच्या फुटव्यांचे दाणे कापणीच्या वेळी हिरवे, अर्धभरले असतात. भरडताना ते तुटतात, कणी वाढते आणि अख्ख्या तांदळाचा उतारा घटतो. कापणी घाईने झालेली नसेल, तर मूठभर धान तळहातावर घेऊन पाहणाऱ्या व्यापाऱ्याला त्या हिरव्या दाण्यांत रोवणीच्या दिवसांतील हयगय वाचता येते.