सयाजीराव, आता कॉलनीतल्या म्हाताऱ्या झाडांकडे या

मा. श्री. सयाजी शिंदे यांस,


फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर तुम्ही वृक्षसंमेलन भरवलंत आणि अध्यक्षपद एका वडाला दिलंत. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून होणारे रुसवेफुगवे पाहत आलेल्या आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना ती निवड फार आवडली. अध्यक्ष बिनविरोध, लांबलचक भाषण नाही, आणि मांडव निघाल्यावरही जागा सोडून गेले नाहीत. बालाघाटाच्या बोडक्या उतारावर वड-पिंपळ लावायला साताऱ्याकडचा माणूस येतो, याचं तेव्हा अप्रूप वाटलं होतं. आजही वाटतं.

पण हे पत्र झाडं लावण्याबद्दल नाही. लावण्याचा उत्साह आपल्याकडे चिक्कार आहे. सरकारने 2016 ला दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा आणि 2019 ला तेहतीस कोटी. खड्डा, रोप, फोटो, झारीने पाणी. रोप दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत त्याचे लाड होतात. जे झाड चाळीस-पन्नास वर्षं उभं आहे, त्याच्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. फिरकलाच तर कुऱ्हाडवाला.

मी बीड शहरातल्या एका जुन्या कॉलनीत राहतो. इथली बहुतेक घरं बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत उभी राहिली. मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून, एसटीतले लोक. वास्तुशांतीच्या आसपास प्रत्येकाने दाराशी काहीतरी लावलं: लिंब, गुलमोहर, बदाम, क्वचित जांभूळ किंवा पिंपळ. नळाचा भरवसा नव्हता. तांदूळ धुतलेलं, कपडे खंगाळलेलं पाणी घालून बायकांनी ती झाडं जगवली. 2012 ते 2016 मधल्या कोरड्या वर्षांत बोअर आटले, टँकर आले, पण हे लिंब हिरवेच राहिले. लावणारी माणसं आता बहुतेक गेली. मुलं पुण्याला. झाडं राहिली आणि भाडेकरू राहिले.

एका लिंबाचं जवळून सांगतो. लहानपणी त्याला लोखंडी जाळी लावली होती, ती काढायचं राहून गेलं. खोड वाढत गेलं आणि जाळीच पोटात घेऊन बसलं. वर देणगीदाराच्या नावाची पाटी होती, तिचा अर्धा भाग आता सालीच्या आत आहे. खाली बुंध्याला घासून गट्टू बसवलेत, इतके घट्ट की मधे काडी जात नाही. साल त्या गट्टूंवर चढू पाहतेय. रस्त्याच्या बाजूला नाली खोदताना जेसीबीने त्या अंगाची मुळं तोडली. तारेखालच्या फांद्या वायरमन दरवर्षी उतरवतो, त्यामुळे सगळा भार घराकडे झुकलाय. वळवाच्या वाऱ्यात हे झाड पडलं तर दुसऱ्या दिवशी म्हणतील, झाड जुनंच होतं.

जुनं होतं हे खरं, पण म्हातारपणाने पडलं असं नाही म्हणता येणार. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. वरून सिमेंट ओतलं की तिथे ना पाणी जातं ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. एक मीटर म्हणजे साधं आळं. आमची आजी-पणजी न सांगता करत होती ते करायला लवाद लागला.

आता छाटणी. या विषयावर मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण खरं नुकसान इथेच होतं. फांदी उतरवायची तर आपण बोलावतो कुणाला? वखारवाल्याच्या माणसाला. तो पैसे घेत नाही, लाकूड घेतो. साहजिकच त्याची नजर जाड फांदीवर. जी वाळलेली, किडलेली, धोक्याची, तिच्यात त्याला काही मिळत नाही, म्हणून ती तशीच लटकत राहते आणि ठणठणीत असलेली मांडीएवढी फांदी खाली येते. वर हातभर खुंट सोडतात. तो खुंट कुजतो, पाणी मुरतं, वाळवी लागते आणि चार-सहा वर्षांत खोड आतून पोकळ होतं. मग कुणीतरी पोकळीत सिमेंट भरतं, ते आणखी वाईट.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक घडी दिसते. ती घडी राखून कापलं तर झाड स्वतःच जखम मिटवतं. जड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर, मग जरा पुढे वरून काप आणि शेवटी उरलेला तुकडा घडीपाशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. यात अवघड काय आहे? काही नाही. पण हे येणारा माणूस शोधायला गेलो तर कॉलनीत, पेठेत, बाजारात कुठे सापडत नाही. केस कापणारा, दात काढणारा, गुरांचा डॉक्टर सगळे आहेत.

वेळही चुकते. सगळ्यांना मे महिन्यात जाग येते, पावसाच्या तोंडावर. त्याच दिवसांत कावळ्याची घरटी झाडांवर असतात. घरटं शेंड्याला की आतल्या बेचक्यात यावरून यंदा पाऊस कसा, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत इथे. करवतीपुढे त्यांचा अंदाज फांदीसकट खाली येतो. माघ-फाल्गुनात, लिंब पानं गाळत असताना हे काम केलं तर झाडालाही सोसतं आणि पाखरांनाही.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारशाचा दर्जा दिला आणि तोडायचंच तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावा असं सांगितलं. चांगलं आहे. पण पन्नास वर्षं झाली हे ठरवणार कोण? यावर आमच्यापुरता एक उपाय निघाला आहे. दाराशी घरासोबत लावलेल्या झाडाचं वय घरपट्टीच्या जुन्या पावत्यांवरून, बांधकाम परवान्यावरून बऱ्यापैकी कळतं. प्रत्येक घरात ट्रंकेच्या तळाशी ते कागद असतातच. अशी यादी गल्लोगल्ली करता येईल, आणि ती नगरपालिकेकडे दिली तर निदान कागदावर तरी ही झाडं दिसू लागतील.

ज्यांना झाड नको आहे त्यांना मी खलनायक ठरवत नाही. 2024 पासून सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॅट सौर पॅनेलला 78 हजारांचं अनुदान मिळतंय आणि शेजारच्याच्या लिंबाची सावली दुपारभर पॅनेलवर पडतेय, तर माणूस कुरकुरणारच. पिंपळाच्या मुळाने भिंत तडकते, बदामाच्या पानांनी नाली तुंबते. काही झाडं खरोखर काढावीच लागतील. आतून पोकळ, बुंध्याला भूछत्रं आलेला, शाळेच्या वाटेवर कललेला गुलमोहर ठेवणं हा हट्ट आहे. पण ते ठरवणारा जाणता माणूस हवा. आज ते ठरतं शेजाऱ्यांच्या भांडणावर, आणि फारच चिघळलं तर रात्रीतून बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग नाहीतर अ‍ॅसिड.

म्हणून तुम्हाला लिहितोय. आईच्या वजनाइतक्या देशी बियांची तुला करणारा माणूस तुम्ही. 2023 च्या मार्चमध्ये कराडजवळ तासवडे इथे महामार्गावरची झाडं वाचवताना मधमाश्यांचे डंख सोसलेत. नाशिकच्या तपोवनातल्या झाडांसाठीही उभे राहिलात. तुमच्या शब्दावर पोरं जमतात, हे पालवणला पाहिलंय. त्यातलीच वीस-पंचवीस पोरं निवडा. दोर, पट्टा, हेल्मेट, नीट करवत, आणि शिकवायला एक जाणकार. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं उंचावर चढायला आणि कोयता धरायला कुणाला हार जाणार नाहीत. त्यांना गावात मजुरी मिळाली तर आणखी काय हवं? पैसे कॉलनीवाले देतील. लाकूड झाडाच्या मालकाकडे राहील, ही अट आधीच घालायची.

एका गोष्टीवर तुमच्याशी वाद घालणार आहे. तुमचा देशी झाडांचा आग्रह मला मान्य आहे, नवी लावताना तोच हवा. पण आमच्या कॉलनीतले निम्मे वृद्ध गुलमोहर आहेत, मूळचे मादागास्करचे. ते ठिसूळ असतात, तुम्ही उभारलेल्या देवराईत त्यांना जागा नसेल, पण इथल्या तीन पिढ्यांच्या परीक्षा त्यांच्या सावलीत झाल्या. त्यांची सेवा करताना जात विचारू नका.

पुढचं वृक्षसंमेलन डोंगरावर न भरवता एखाद्या कॉलनीत भरवा. फेब्रुवारीतच भरवा, छाटणी शिकवायला महिनाही बरोबर आहे. तोवर आम्ही बुंध्याभोवतीचे गट्टू उचलून आळी करून ठेवतो. सात घरांनी होकार दिलाय. दोन घरांना झाडं तोडायचीच आहेत, त्यांनाही निमंत्रण द्यायचं ठरलंय. तारीख कळवा.

आपला,
बीडच्या एका जुन्या कॉलनीतला रहिवासी