खेळाचे गुरू आणि त्यांचे वेतन

शिक्षण आणि खेळ ही एकाच रथाची दोन चाके आहेत, हे वाक्य पारितोषिक-समारंभाच्या दिवशी अध्यक्षांच्या मुखातून ऐकावयाचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दुसऱ्या चाकाची वास्तपुस्त कोणी करावयाची नाही, असा बहुतेक शाळांतून प्रघात आहे. आमची शाळा याला अपवाद आहे असे आम्ही म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात, सामन्यांचा हंगाम अगदी तोंडावर आला असता, आमचे फुटबॉलचे प्रशिक्षक शाळा सोडून गेले. चार वर्षांत येणेप्रमाणे गेलेले हे तिसरे गृहस्थ. ते गेले त्या सायंकाळी दापोडीच्या आमच्या मैदानावर घोटाभर चिखलात मुले त्यांची वाट पाहत उभी होती. सर आता येणार नाहीत, हे त्यांस सांगण्याचे काम आमच्या वाट्यास आले. मुलांनी मुकाट्याने ऐकून घेतले. मग त्यांतील एका लहानग्याने विचारले, “नवे सर किती दिवसांसाठी येणार?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न म्हणजे हा लेख होय.

त्यानंतरच्या पालकसभेत दोन मते ऐकू आली. कित्येक म्हणाले की, वेतन दुप्पट करावे, मोठ्या नावाचा प्रशिक्षक आणावा, आणि चषक हवा असेल तर चांगली खेळणारी मुलेही बाहेरून आणावीत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जो पैशासाठी गेला त्याचे दुःख करू नये. खेळावर आजवर झाला तोच खर्च पुष्कळ आहे, दहावीच्या परीक्षेत फुटबॉलचा पेपर नसतो. ही दोन्ही मते मांडणारी माणसे शाळेची हितचिंतकच आहेत. तथापि दोन्ही मते अर्धीच खरी आहेत, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

प्रथम पहिले मत घेऊ. नुसत्या पैशाने हा प्रश्न सुटत असता, तर अमेरिकेतील महाविद्यालयांत तो केव्हाच सुटला असता. तिकडचा फुटबॉल आपल्या खेळाहून निराळा. चेंडू लंबगोल असतो व तो हातांत धरून धावावयाचे असते. या खेळाचे तेथे इतके प्रस्थ आहे की, बहुसंख्य राज्यांत सर्वांत अधिक वेतन घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसून सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. इतके वेतन देऊन प्रशिक्षक टिकतात काय? टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपले प्रशिक्षक जिम्बो फिशर यांस २०२३ च्या नोव्हेंबरात दूर केले. करार मुदतीपूर्वी मोडल्यामुळे विद्यापीठावर त्यांचे साडेसात कोटी डॉलरांहून अधिक, म्हणजे आपल्या चलनात सहाशे कोटी रुपयांहून अधिक देणे आले. लुइझियाना राज्य विद्यापीठाने ब्रायन केली यांस दहा वर्षांच्या करारावर आणले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात, चौथ्याच हंगामात, निरोप दिला. खेळाडूंचेही तेच. २०२१ पासून त्यांस एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या महाविद्यालयाकडून खेळण्याची मुभा मिळाली. २०२५ पासून महाविद्यालयांस खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले व पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी डॉलर ठरली. खेळाडूंच्या श्रमावर इतरांनी धनवान व्हावे व त्यांस काही मिळू नये, हा जुना अन्याय त्यामुळे कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु गुरू आणि शिष्य दोघेही दरवर्षी बाजारात उभे राहू लागले, हेही तितकेच खरे.

अमेरिका दूर आहे. आता घराजवळचे उदाहरण घेऊ. आपल्या दापोडीहून बालेवाडीचे क्रीडासंकुल काही फार लांब नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या त्या संकुलात २०१४ पासून एफसी पुणे सिटी हा संघ इंडियन सुपर लीगचे सामने खेळत असे. आज वरच्या वर्गांत असलेल्या कित्येक मुलांनी वडिलांच्या खांद्यावर बसून ते सामने पाहिले असतील. त्या संघाचे प्रशिक्षक पाहा. २०१४ साली इटलीचे फ्रँको कोलोंबा. २०१५ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले डेव्हिड प्लॅट. २०१६ साली स्पेनचे अंतोनिओ हाबास, ज्यांनी कोलकात्याच्या संघास पहिले विजेतेपद मिळवून दिले होते. त्यांच्यानंतर सर्बियाचे रांको पोपोविच आले, व त्यांच्या हाताखाली संघ प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. आता घडी बसेल असे वाटले, तोच पोपोविचही गेले. त्यांच्या जागी नेमलेले ब्राझीलचे मार्कोस पाकेटा हंगाम सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्या संघाकडे गेले. पुढे आलेले स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल २०१८ च्या ऑक्टोबरातच, मोजके सामने होताच दूर झाले, आणि डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राउन आले. पाच हंगामांत इतकी माणसे! यांतील एकही अडाणी नव्हता. प्रत्येकाने इतरत्र नाव मिळविले होते. शेवटी पैशाची तंगी झाली व २०१९ साली संघच बंद पडून त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली.

या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. हैदराबादच्या त्या नव्या संघानेही आपला पहिला प्रशिक्षक पहिल्याच हंगामात दूर केला. पण २०२० साली स्पेनचे मानोलो मार्केझ आले, ते तीन हंगाम राहिले. पहिल्या हंगामात संघ उपांत्य फेरीतही नव्हता; तरी त्यांस कोणी घालविले नाही. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस, २०२२ च्या मार्चमध्ये, तोच संघ विजेता ठरला. ते गेल्यानंतर त्या संघासही द्रव्याच्या अडचणींनी ग्रासले, तेव्हा एकट्या धीराने सर्व काही साधते असे म्हणता येत नाही. परंतु धीरावाचून काहीच साधत नाही, इतके मात्र या दोन शहरांच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

याचे कारण पालकांस आम्ही सांगावे असे नाही. आपल्यापैकी कित्येकजण एस. टी. च्या कार्यशाळेत किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कुशल कामगार आहेत. आय. टी. आय. मध्ये फिटरचा अभ्यासक्रमच दोन वर्षांचा असतो. तीन महिन्यांत कोणी उत्तम फिटर झाल्याचे आपण ऐकले आहे काय? मग अकरा मुलांचा एक संघ एका पावसाळ्यात कसा तयार व्हावा? कोणता मुलगा रागावल्यास चांगला खेळतो व कोणता रागावल्यास कोमेजतो, कोणाच्या घरी संध्याकाळची चूल पेटली नव्हती म्हणून आज त्याचे पाय जड आहेत, हे प्रशिक्षकास कळावयास सहवास लागतो. सहवास विकत मिळत नाही.

भारतीय फुटबॉलचा सर्वश्रेष्ठ गुरू हा व्यवसायाने शाळामास्तर होता, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५० पासून १९६३ साली मृत्यू येईपर्यंत हैदराबाद पोलीस संघ व भारताचा संघ या दोहोंस शिकविले. त्या काळात भारताने १९५१ व १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. १९६२ साली जाकार्ता येथे जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यास घरी बसविले नाही, तर आघाडीस नेले. आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारताने केलेल्या दोन गोलांपैकी एक त्याचा होता. शिष्यास आतून-बाहेरून ओळखणाऱ्या गुरूलाच असा निर्णय सुचतो. आपल्या मिशन-शाळांच्या परंपरेतही असे गुरू झाले आहेत. रेव्हरंड टिंडेल-बिस्को १८९० साली श्रीनगरच्या मिशन-शाळेत आले. पुढील वर्षी त्यांनी फुटबॉल आणला, तेव्हा उच्च वर्णाच्या मुलांनी चामड्याच्या चेंडूस पाय लावण्याचे साफ नाकारले होते. त्यांच्या कित्येक रीती आज कडक वाटतील. पण ते १९४७ पर्यंत त्याच गावी राहिले आणि ज्यांनी चेंडूस पाय लावला नव्हता त्यांचे नातू त्यांनी खेळताना पाहिले.

आता दुसऱ्या मताकडे वळू. जो पैशासाठी गेला त्याची खंत नको, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो की, त्यास आपण काय देत होतो? दरवर्षी नवा करार, उन्हाळ्याच्या सुट्टीचे वेतन नाही, आणि महिन्याचे मानधन शिक्षकाच्या वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. शुभवर्तमानात मोलकरी व उत्तम मेंढपाळ यांचा दृष्टांत आहे, तो आपणांस ठाऊक आहे. लांडगा येताच मोलकरी पळतो. तो दृष्टांत आम्ही त्या गृहस्थांच्या मस्तकी मारू शकत नाही. कारण कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. ज्यास आपण वर्षभराच्या मोलानेच ठेवले, त्याने मेंढपाळासारखे जन्मभर राहावे, ही अपेक्षा धरण्याचा आपणांस कोणता अधिकार? त्यांचे घरभाडे वाढले, दुसऱ्या ठिकाणी दुप्पट वेतन मिळाले, ते गेले. त्यांच्या जागी आम्हीही गेलो असतो.

बाहेरून मुले आणण्याविषयी मात्र आम्हांस अधिक दुःखाने लिहावे लागत आहे. कारण येथे दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच आहे. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेतील आठवीचा एक मुलगा आम्ही आपल्या शाळेत घेतला. डाव्या बगलेने तो वाऱ्यासारखा धावे. त्याची फी माफ केली, बूट दिले, आणि त्या वर्षी आपण चषक जिंकला. त्या छायाचित्रात आम्हीही हसत उभे आहोत. दुसऱ्या वर्षी त्याच्या गुडघ्यास इजा झाली. सवलत खेळाडू म्हणून होती, आणि तो खेळत नव्हता. सवलत बंद झाली. ज्या कागदावर ती बंद झाली, त्यावर इतरांबरोबर आमचीही सही आहे. त्याची आई एकदा शाळेत आली व कार्यालयाबाहेर बराच वेळ बसून परत गेली. मुलाने दहावीच्या आत शाळा सोडली. आता तो रस्त्यावरील एका गॅरेजात काम करतो. आम्हांस पाहिले की हात पुसून नमस्कार करतो. त्या नमस्काराइतकी कठोर शिक्षा आम्हांस कोणी दिली नसती. त्याची जुनी शाळा त्याला निदान घराजवळ होती व तेथे त्याचे मित्र होते. चषकासाठी आम्ही त्यास तेथून उपटून आणले आणि येथे रुजू दिले नाही.

म्हणून आमच्या सूचना तीनच आहेत. पहिली, प्रशिक्षकाशी करार तीन वर्षांचा असावा, त्याचे वेतन शिक्षकाच्या पंक्तीस बसणारे असावे व ते बाराही महिने मिळावे. आणि त्या तीन वर्षांत हरल्याबद्दल त्यास कोणी घालवू नये, त्यानेही हंगामाच्या मध्यावर जाऊ नये. मुलांशी दुर्वर्तन घडल्यास मात्र एक दिवसही ठेवू नये. दुसरी, केवळ सामन्यासाठी दुसऱ्या शाळेतून मुलगा आणू नये; आणि गुणांमुळे एखाद्यास सवलत दिली, तर तो खेळो अथवा न खेळो, दहावीपर्यंत ती चालू राहावी. तिसरी, वर्षाअखेरीस प्रशिक्षकास किती चषक आणले हे विचारण्यापूर्वी, जूनमध्ये मैदानावर आलेल्यांपैकी किती मुले मार्चमध्येही येत होती, हे विचारावे.

यास पैसा लागेल. तो कोठून यावयाचा, असा प्रश्न व्यवस्थापक मंडळ विचारील व त्याने विचारावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर व रोषणाईवर होणाऱ्या खर्चास कात्री लावण्यास आमची हरकत नाही. पालकांची असू नये, अशी विनंती आहे. एखाद्या वर्षी चषकाविना कपाट मोकळे राहील, तेही आपण सर्वांनी सोसले पाहिजे. आमच्या मते खरी कसोटी पैशापेक्षा याच ठिकाणी आहे.

येत्या जूनच्या पालकसभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत. ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, तो आता सातवीत जाईल. सभेने मान्य केले, तर त्यास आम्ही सांगू शकू की, नवे सर तू दहावीत जाईपर्यंत येथे आहेत. सभेने मान्य केले नाही, तर तो पुन्हा विचारील, आणि पुन्हा आम्हांस जमिनीकडे पाहावे लागेल. मुलांस उत्तर देता येईल अशी सुबुद्धी प्रभू आम्हां सर्वांस देवो.