दुखणे कोणाचे खरे?

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. बेलापूरजवळ आमच्या मळ्यात ऊसतोडीची टोळी आली होती. त्यातल्या बीडकडच्या एका बाईच्या डाव्या हाताला कोयता लागला. मीच तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुतली आणि तशीच टाके घालायला घेतली. ‘बधिर करायचे इंजेक्शन?’ मी चाचरत विचारले. ‘अहो, या लोकांना सवय असते!’ ते हसून म्हणाले. बाईने पदर दातांत धरला. चार टाके पडले, पण तोंडातून हूं की चूं नाही. आदल्याच वर्षी तिथेच माझ्या पायाला दोन टाके पडले होते. तेव्हा मला इंजेक्शन मिळाले होते, वर आपुलकीची चौकशीही!

मित्रहो, ताप मोजायला थर्मामीटर आहे. वेदना मोजायला मात्र रुग्णाच्या शब्दावरच विसंबावे लागते. मग कोणाचा शब्द खरा मानायचा? इथेच जात, रंग, अंगावरचे लुगडे आणि तोंडातली बोली हळूच मध्ये येतात.

हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेत १८४० च्या दशकात मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. ते जुने झाले म्हणावे, तर २०१६ साली प्रसिद्ध झालेली व्हर्जिनिया विद्यापीठातली पाहणी आहे. वैद्यकाचे विद्यार्थी व निवासी डॉक्टर अशा २२२ गोऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना काळ्या माणसाच्या शरीराविषयीची एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती. त्यांची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. असे मानणाऱ्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचार सुचवतानाही चुका केल्या. ‘कातडी जाड’ आणि ‘सवय असते’ यांत फरक तो काय?

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात याचेच दुसरे टोक दिसले. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटदुखीची तक्रार घेऊन गेलो तर कॅन्सरची भीती घातली, असे अनेकींनी सांगितले. शिवाय खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून दुखणे एकदाचे संपवायची घाई. म्हणजे आधी दुखणे ऐकायचेच नाही आणि ऐकलेच, तर नीट तपासण्याऐवजी अवयवच काढून मोकळे व्हायचे!

परतताना मी त्या बाईला विचारले, ‘मावशी, दुखलं नाही?’ ती म्हणाली, ‘दुखत न्हाई व्हय, दादा? पर वरडून कुणाला सांगायचं?’

तिचे ऐकणारा तिथे मी होतो, आणि मी गप्प बसलो. डॉक्टरांइतकाच दोष माझाही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मळ्यांत यंदाही टोळ्या येतील. असा प्रसंग आलाच, तर दवाखान्याच्या दारात थांबू नका. आत जा आणि स्पष्ट सांगा, ‘डॉक्टर, यांना दुखते आहे. आधी इंजेक्शन द्या.’