फॉलोअर प्लॅटफॉर्मचे, वाचक तुमचे: न्यूजलेटर वाढवताना सोशल मीडियावर किती विसंबायचं?

एप्रिल २०२३ मधली गोष्ट. सबस्टॅक या न्यूजलेटर कंपनीनं ‘नोट्स’ नावाचं नवं फीचर जाहीर केलं. छोट्या पोस्ट, लाइक, शेअर. दिसायला बरंचसं ट्विटरसारखं. लगेच ट्विटरवर विचित्र प्रकार सुरू झाले. सबस्टॅकची लिंक असलेल्या ट्विटला लाइक करता येईना, रीट्विट करता येईना. लिंकवर क्लिक केलं की ती असुरक्षित असू शकते असा इशारा यायचा. सर्चमध्ये ‘सबस्टॅक’ टाइप केलं तर भलत्याच शब्दाचे निकाल दिसायचे.

काही दिवसांत हे निर्बंध उठले. पण तेवढ्यात ट्विटरच्या जोरावर न्यूजलेटर वाढवणाऱ्या लेखकांना एक गोष्ट कळून चुकली. वर्षानुवर्षं जमवलेले फॉलोअर समोर दिसत होते, पण त्यांच्यापर्यंत जाणारा दरवाजा उघडायचा की नाही हे दुसराच कुणी ठरवत होता.

तुम्ही मराठीत न्यूजलेटर सुरू केलं असेल किंवा करायचा विचार असेल, तर हा किस्सा तुमच्या कामाचा आहे. कारण पहिला सल्ला सगळीकडे एकच मिळतो: ‘सोशल मीडियावर प्रमोट कर.’ सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे.

दोन दुकानं बंद झाली, पण नुकसान सारखं नव्हतं

२९ जून २०२० ला भारत सरकारनं ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. गावाकडच्या, छोट्या शहरांतल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी तिथे प्रेक्षक कमावला होता. बंदी आली आणि तो प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासा झाला. ज्यांनी आधीच इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर पाय रोवले होते ते सावरले. बाकीच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली, कारण आपले फॉलोअर नेमके कोण आणि त्यांना बाहेर कुठे गाठायचं, याची कुठलीच यादी त्यांच्या हातात नव्हती.

आता दुसरं उदाहरण बघा. ट्विटरनं जानेवारी २०२१ मध्ये ‘रेव्ह्यू’ नावाची न्यूजलेटर सेवा विकत घेतली आणि दोनच वर्षांत, १८ जानेवारी २०२३ ला ती बंदही केली. पण इथे लेखकांना आपली सबस्क्रायबरची यादी उतरवून घेता आली. ज्यांनी ती वेळेत उतरवली, त्यांनी दुसऱ्या सेवेवर ती चढवली आणि पुढचा अंक पाठवला. वाचकाला फार तर टेम्प्लेट बदललेलं दिसलं असेल.

दोन्हीकडे दुकान बंद झालं. फरक इतकाच, की एका ठिकाणी गिऱ्हाइकांची वही दुकानमालकाकडे होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती तुमच्या खिशात. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं, तेव्हाही हाच धडा पुन्हा मिळाला.

लिंक टाकली की रीच का पडतो?

हे अनुभवाला आलं असेल: रील टाकलं तर बरे व्ह्यूज येतात, पण ‘माझं न्यूजलेटर वाचा’ म्हणून लिंक टाकली की पोस्ट जागच्या जागी बसते. यात कुणाचा तुमच्यावर राग नाही. हा धंद्याचा हिशेब आहे.

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांची मुख्य कमाई जाहिरातींतून. तुम्ही ॲपमध्ये जितका वेळ, तितक्या जाहिराती. तुमची लिंक वाचकाला ॲपबाहेर नेते. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तुम्ही त्यांच्याच दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता दाखवताय. असं होऊ नये म्हणून फीडची रचनाच तशी केली जाते.

गेल्या काही वर्षांतल्या घटना एका रांगेत ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना अग्रक्रम देण्याचं जाहीर केलं. पेजवर भिस्त ठेवणाऱ्या प्रकाशकांचा रीच घसरला. ऑगस्ट २०२३ मध्ये समोर आलं, की एक्सवरून सबस्टॅक, फेसबुक, इन्स्टाग्राम अशा काही साइट्सच्या लिंक उघडायला सुमारे पाच सेकंदांचा उशीर होतोय. मोबाइलवर पाच सेकंद म्हणजे माणूस कंटाळून परत जाण्याइतका वेळ. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सनं लिंकच्या चित्राखाली दिसणारी हेडलाइनच काढून टाकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये इलॉन मस्कनी लोकांना सांगितलं, की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खाली रिप्लायमध्ये द्या.

इन्स्टाग्रामचं तर सुरुवातीपासूनच असं आहे. कॅप्शनमध्ये लिंक पेस्ट केली तरी ती दाबता येत नाही. स्टोरीत लिंक स्टिकर सगळ्यांना मिळालं ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि बायोमध्ये एकाहून जास्त लिंक टाकायची सोय आली एप्रिल २०२३ मध्ये.

नियम पुढेही बदलत राहतील. आज चालणारी युक्ती सहा महिन्यांनी चालेलच असं नाही. म्हणून युक्त्या पाठ करण्यापेक्षा सोशल मीडियाकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं.

मग सोशल मीडिया सोडूनच द्यायचा का?

नाही. कारण ईमेलची एक मोठी अडचण आहे: ईमेल आपणहून कुणाला सापडत नाही. स्क्रोल करता करता अनोळखी माणसाचं न्यूजलेटर समोर आलं, असं इनबॉक्समध्ये होत नाही. नवा माणूस भेटतो तो सोशल मीडियावरच. ओळख तिथे करायची, पुढचं नातं इनबॉक्समध्ये टिकवायचं. कामाची वाटणी इतकी सरळ आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही पुण्यात एमपीएससीची तयारी करताय आणि दर रविवारी आठवड्यातल्या चालू घडामोडींचं न्यूजलेटर काढताय. इन्स्टाग्रामवर ‘या आठवड्याचा अंक आला, लिंक बायोमध्ये’ एवढीच पोस्ट टाकली तर नव्या माणसानं थांबावं असं त्यात काही नाही. त्याऐवजी अंकातला एकच मुद्दा घ्या. समजा, राज्यपालांच्या अधिकारांवरचा एखादा प्रश्न. तो पाच स्लाइडमध्ये पूर्ण समजावून सांगा. अर्धवट तोडून ‘पुढचं न्यूजलेटरमध्ये’ असं करू नका. लोकांना ते लगेच कळतं आणि चीडही येते. पोस्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. शेवटच्या स्लाइडवर फक्त सांगा: असे मुद्दे दर रविवारी ईमेलवर येतात, लिंक बायोमध्ये आहे.

जुन्या फॉलोअरसाठी स्टोरी वापरा. अंक पाठवायच्या आदल्या दिवशी लिंक स्टिकर लावा आणि उद्या काय येणार ते एका वाक्यात सांगा. ‘सबस्क्राइब करा’ यापेक्षा ‘उद्या सकाळी अर्थसंकल्पाचे दहा प्रश्न उत्तरांसह येतायत’ हे जास्त काम करतं. पहिल्यात तुमची गरज दिसते, दुसऱ्यात वाचकाची.

बायोतली लिंक उघडल्यावर काय दिसतं, तेही स्वतःच्या फोनवर तपासा. तिथे तीनच गोष्टी लागतात: न्यूजलेटर कशाबद्दल आहे, किती वेळा येतं आणि ईमेल टाकायची एक चौकट. शक्य असेल तर एखादा जुना अंक वाचायला ठेवा. नाव, मोबाइल नंबर, जिल्हा, शिक्षण असा फॉर्म पुढे केलात तर माणूस मागच्या मागे निघून जातो.

आणि सगळीकडे एकाच वेळी धावू नका. तुमचा वाचक जिथे आधीच बसलाय असं एकच ठिकाण निवडा. स्पर्धा परीक्षावाले टेलिग्रामवर भरपूर सापडतात. स्वयंपाक किंवा प्रवासाचा वाचक इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर.

‘आपल्याकडे ईमेल बघतं कोण?’

हा आक्षेप खरा आहे. अँड्रॉइड फोन घेतल्यावर बहुतेकांचं जीमेल खातं तयार होतं, पण ते उघडलं जातं ते हॉल तिकीट, बिल किंवा नोकरीचं पत्र शोधायला. रोजचा वावर व्हॉट्सॲपवर. मग न्यूजलेटर तिथेच का काढू नये?

सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात व्हॉट्सॲप चॅनल आले. ते वापरायला सोपे आहेत, पण चॅनल चालवणाऱ्याला फॉलोअरचे नंबर दिसत नाहीत. वाचकाच्या खासगीपणासाठी हे चांगलंच आहे, पण उद्या चॅनल बंद पडलं तर तुमच्या हातात काही उरत नाही. ग्रुप काढला तर त्याला १०२४ माणसांची मर्यादा आहे, शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींसाठी ही साधी गैरसोय नसते, डोकेदुखी असते.

म्हणून व्हॉट्सॲपला पोस्टमनचं काम द्या, वहीचं नको. अंक ईमेलनं पाठवा आणि त्याची वेब लिंक चॅनलवर टाका. अंकाच्या शेवटी लिहा: आवडलं तर एका मैत्रिणीला पाठवा. ओळखीच्या माणसानं पाठवलेल्या लिंकवर जो विश्वास असतो, तो अनोळखी पेजच्या पोस्टवर नसतो. मराठी न्यूजलेटरच्या वाढीची ही सगळ्यात स्वस्त आणि दुर्लक्षित वाट आहे.

एक मोह मात्र टाळा. कॉलेजच्या ग्रुपमधले नंबर किंवा कुठल्या तरी कार्यक्रमाच्या नोंदणीतले ईमेल उचलून यादीत घालू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती वापरण्याआधी संमती घेण्यावर भर देतो. कायदा बाजूला ठेवला तरी न विचारता आलेलं मेल लोक थेट स्पॅममध्ये टाकतात आणि त्याची शिक्षा पुढच्या सगळ्या अंकांना होते.

इनबॉक्सलाही मालक आहे

ईमेल म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य, असंही समजू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केलेत. जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना मेल खरंच आपल्याच डोमेनवरून गेलंय याचे तांत्रिक पुरावे द्यावे लागतात, एका क्लिकवर सबस्क्रिप्शन रद्द करायची सोय ठेवावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राखाव्या लागतात. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीही जास्तच. तुमची यादी लहान असली तरी ‘अनसबस्क्राइब’चं बटण लपवू नका. जाणाऱ्याला सुखानं जाऊ द्या. त्याला बटण सापडलं नाही तर तो स्पॅमचं दाबेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खास गोष्ट. साधारण १०२ केबीपेक्षा मोठं मेल जीमेल मधेच कापतं आणि उरलेलं पाहायला वेगळी लिंक देतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटरसाठी ती चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. त्यावर टेम्प्लेटचा कोड असतोच. त्यामुळे तेवढ्याच लांबीचा मराठी अंक इंग्रजीपेक्षा लवकर कापला जाऊ शकतो आणि तळाशी ठेवलेली ‘मैत्रिणीला पाठवा’ ही ओळ वाचकाला दिसतच नाही. लांब अंक असेल तर आधी स्वतःच्या जीमेलवर पाठवून बघा.

काय मोजायचं?

फॉलोअरचा आकडा सुखावतो, पण तो तुमच्या वाचकांचा आकडा नाही. दर आठवड्याला मोजा: नवे ईमेल किती आले, कुठून आले, किती जणांनी अंकातल्या लिंक दाबल्या आणि किती जणांनी उत्तर लिहिलं. ‘ओपन रेट’वर फार जाऊ नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये असं प्रायव्हसी फीचर आलंय, की वाचकानं मेल उघडलं नसलं तरी ते उघडल्यासारखं दिसू शकतं. उत्तर मात्र कुठलंच फीचर तुमच्या वाचकाच्या वतीनं लिहीत नाही.

आता न्यूजलेटर कंपन्याही याच वाटेनं निघाल्यात, हे लक्षात असू द्या. सबस्टॅकवर आज ‘सबस्क्रायबर’ आणि ‘फॉलोअर’ असे दोन प्रकार आहेत. सबस्क्रायबरचा ईमेल लेखकाला मिळतो, नुसत्या फॉलोअरचा मिळत नाही. डॅशबोर्डवर दोन्ही आकडे वाढताना छान वाटतं, पण सोबत नेता येतो तो एकच.

म्हणून शेवटी एक छोटं काम. न्यूजलेटरची कुठलीही सेवा वापरत असाल, तिच्या सेटिंगमध्ये जाऊन सबस्क्रायबरची यादी आजच उतरवून घ्या, सुरक्षित ठेवा आणि दर महिन्याला हे करत राहा. त्या यादीत चाळीसच नावं असतील तर लाजू नका. ॲप बंद पडो, अल्गोरिदम बदलो, पुढच्या रविवारी त्या चाळीस जणांना तुम्ही पत्र पाठवू शकता.