चरित्रकोशाच्या दारात जेड गुडी

लेस्ली स्टीफन यांच्या संपादनाखाली ज्या ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाचा पहिला खंड १८८५ साली निघाला, तो कोश आज ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे आहे. त्यात जिवंत माणसाला प्रवेश नाही. राजे, सेनापती, शास्त्रज्ञ, कवी यांनाही मृत्यूनंतर काही वर्षे संपादकांच्या निवाड्याची वाट पाहावी लागते. २००९ साली निवर्तलेल्यांच्या नोंदी जानेवारी २०१३ मध्ये या कोशात दाखल झाल्या, तेव्हा त्यांत जेड गुडी हे नाव होते. दूरचित्रवाणीवरील 'बिग ब्रदर' नामक खेळातील एक स्पर्धक, आणि तीही चौथ्या क्रमांकाची! हा कोशाचा अधःपात म्हणावा की कोशकारांचा विवेक, हा प्रश्न केवळ इंग्लंडपुरता नाही.

लंडनच्या बर्मंडसी भागात १९८१ साली कष्टकरी वर्गात जन्मलेली ही मुलगी दंतवैद्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. २००२ साली ती त्या खेळात उतरली. स्वदेशातीलच ईस्ट अँग्लिया हा प्रदेश तिला परदेश वाटला, म्हणून देश हसला. वृत्तपत्रांनी तिला डुकराची उपमा दिली. ज्या देशात शालेय शिक्षण १८८० पासून सक्तीचे आहे, तेथे एकविशीतल्या मुलीला आपल्या देशाचा नकाशा ठाऊक नसावा, ही नामुष्की नेमकी कोणाची, हा प्रश्न हसणाऱ्यांना पडला नाही.

तिचे अज्ञान हाच बाजारात खपणारा माल ठरला. तो वाहिन्यांनी विकला, वृत्तपत्रांनी विकला आणि पुढे तिने स्वतःही विकला. २००७ साली त्याच खेळाच्या नामवंतांसाठीच्या आवृत्तीत शिल्पा शेट्टी यांच्याशी तिने केलेले वर्तन वर्णद्वेषाचे म्हणून गाजले. नियामक मंडळाकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. तिच्या परिस्थितीत त्या वर्तनाचे कारण शोधता येईल, समर्थन नव्हे. तिने माफी मागितली. ऑगस्ट २००८ मध्ये 'बिग बॉस'साठी ती भारतात आली असता, खेळ चालू असतानाच, आपल्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे तिला कळले. दोन लहान मुलांच्या शिक्षणाची तरतूद व्हावी म्हणून तिने आपले आजारपणही माध्यमांना विकले. २२ मार्च २००९ रोजी ती गेली. तेव्हा ती अवघी सत्तावीस वर्षांची होती.

अशा नोंदीवरील आक्षेप हलका नाही. बाजाराने फुगविलेल्या कीर्तीवर विद्वत्तेनेच शिक्का मारला, तर कोश आणि जाहिरातफलक यांत अंतर काय उरले? किंमत आणि मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्राचा जुना धडा येथे उपयोगी पडतो. किती लोकांनी पाहिले, किती रकाने छापून आले, ही झाली किंमत. त्या मापाने दर हंगामात डझनभर स्पर्धक कोशात घ्यावे लागतील, आणि त्यांतील बहुतेकांची आठवण पुढच्या हंगामापर्यंतही टिकणार नाही.

परंतु मूल्याच्या मापानेच गुडीची नोंद टिकते. २००८ च्या मध्यापासून २००९ च्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये या कर्करोगाच्या तपासण्या नेहमीपेक्षा जवळजवळ पाच लाखांनी अधिक झाल्या. ही लाट पुढे ओसरली, हे खरे. पण तीत ज्यांचा रोग वेळीच सापडला त्यांच्यापुरती ती व्यर्थ गेली नाही. शिवाय वर्ग, वर्ण, शिक्षण आणि नफा यांचे त्या समाजातील नाते शोधू पाहणाऱ्या भावी इतिहासकाराला इतका बोलका दाखला क्वचितच मिळेल. कोशातील नोंद म्हणजे गौरवपत्र नव्हे; ती साक्ष असते.

कोशांचे खरे पाप कोणाला आत घेतले यापेक्षा कोण बाहेर राहिले यात असते. राहून गेलेल्या हजाराहून अधिक व्यक्तींसाठी याच कोशाला १९९३ साली स्वतंत्र पुरवणी खंड काढावा लागला. आणि ज्यांचे नावच कोठे नोंदले जात नाही, त्यांचे काय? गुडीच्या मृत्यूनंतर अकराच दिवसांनी, २ एप्रिल २००९ रोजी, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याच रोगावरील एक निबंध प्रसिद्ध झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत, १,३१,७४६ स्त्रियांचा तो अभ्यास होता. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याने दाखविले. चाचणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या. अशी तपासणी न झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. जगाला शहाणे करून गेलेल्या या स्त्रिया आज केवळ आकडे आहेत. त्यांची नावे गुप्त राहणे योग्यच; त्यांची कहाणी गुप्त राहण्याचे मात्र काहीच कारण नाही.

तेव्हा कोशकाराने प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न ठेवावा : या व्यक्तीमुळे काय बदलले? उत्तर नसेल तर विजेत्यालाही दारातून परत पाठवावे. असेल तर चौथ्या क्रमांकालाही आत घ्यावे. आणि ज्यांच्यामुळे पुष्कळ बदलले पण ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्या शोधात कोशकाराने स्वतःच दाराबाहेर पडावे.