खानावळीच्या दारावरील स्वच्छता-गुणांकन

मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर पर्यटकांचा राबता वाढल्यापासून अनेक घरांतून खानावळी चालू झाल्या आहेत. तांदूळ, नारळ व कोकम पिकविणारा शेतकरी आणि मासळी आणणारा मच्छीमार या दोघांच्याही मालाला तेथे गावातच गिऱ्हाईक मिळते. त्यामुळे खानावळीची स्वच्छता ही एकट्या मालकाची बाब राहत नाही. एका ताटातून विषबाधा झाली, तर नाव साऱ्या गावाचे जाते.

चवीवरून किंवा दिसण्यावरून अन्नाची पुरी पारख होत नाही. बांगडा वेळीच बर्फात न ठेवल्यास त्यात हिस्टामिन नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. ते शिजविल्याने वा तळल्याने नाहीसे होत नाही. पाहुण्याला स्वयंपाकघर दिसत नसते. ते त्याच्या वतीने जाणत्या माणसाने तपासावे, हाच गुणांकनाचा हेतू होय.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या या योजनेत नोंदणी किंवा परवाना असलेल्या खानावळीस भाग घेता येतो. प्राधिकरणाने मान्य केलेली संस्था पाणी, भांडी, हात धुण्याची सोय, कच्च्या व शिजलेल्या अन्नाची वेगळी मांडणी आणि साठवणीचे तापमान तपासते. थंड अन्न ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी व गरम अन्न ६० अंशांवर असावे लागते. मग १ ते ५ असे गुण हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांनी दर्शविले जातात.

२००६ च्या कायद्यान्वये नोंदणी वा परवाना सक्तीचा आहे. गुणांकन मात्र ऐच्छिक असून तपासणीचा खर्च मालकावर पडतो. योजनेची उणीव येथेच आहे. ज्यास खात्री आहे तो पुढे येतो. ज्यास सुधारणेची गरज आहे तो दूर राहतो, आणि हंगामावर जगणारी लहान खानावळ स्वच्छ असूनही खर्चापायी मागे राहते. ब्रिटनमधील वेल्स प्रदेशात २०१३ पासून मिळालेले गुण, ते कमी असले तरी, दारावर लावणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्याकडेही तसेच व्हावे; परंतु क्रम चुकता कामा नये. लहान खानावळींची पहिली तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, उणिवा दूर करण्यास मुदत मिळावी, फेरतपासणी व्हावी आणि त्यानंतरच सक्ती यावी. तोपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भरपूर बर्फ, शुद्ध पाणी, झाकलेले अन्न व साबणाने धुतलेले हात या चार गोष्टींचा घरोघर पाठपुरावा करावा. त्यांस फारसा खर्च लागत नाही आणि त्यांवाचून कोणतेही गुण टिकत नाहीत.